दोन डाव्या बाह्या

...खडूची कड झिजून बोथट झाली होती, आणि तरी ती त्याच कडेनं रेघ ओढत होती — जाड, पांढरी, कात्रीनं नेमकं कुठून जायचं तेच कळू नये अशी. नवा खडू खिशात होता. पण खिशात फोनही होता, आणि फोनला हात लावायचा नव्हता. नवऱ्याच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेलेला. आज संध्याकाळपर्यंत दवाखान्यातून त्याला कळणार, मग त्याचा हिला फोन.

गंमत अशी — हो, गंमतच म्हणायची — की या बाईनं अजून हात जोडले नव्हते! सुई हरवली की शोधायच्या आधी हात जोडणारी, दूध उतू जायला लागलं तर गॅस बंद करायच्या आधी 'देवा!' म्हणणारी ही. नवरा म्हणायचा, "अगं, त्या बिचाऱ्याला दोन घास तरी सुखानं खाऊ दे." आणि आता खरं मागायची वेळ आली तर तोंडाला कुलूप. का बरं? शेजारणीच्या खिडकीत डोकावावं तशी ती स्वतःलाच न्याहाळत होती. रुसलो का आपण? नाही. विश्वास उडाला? छे, तोही जागच्या जागी. मग...

"हे काय?" टेबलापलीकडून मास्तर म्हणाले. शिवणाचं दुकान त्यांचं, कापणी हिची. त्यांनी कोटाच्या दोन बाह्या शेजारी शेजारी मांडल्या. दोन्ही डाव्या. एकपदरी कापडावर एक बाही कापली की कागदी नमुना उलटा करायचा, तो तिनं केलाच नव्हता — शिकाऊ पोरीनं पहिल्या आठवड्यात करावी अशी चूक. "बाई, आता दोन डाव्या हातांचं गिऱ्हाईक आणा शोधून."

आणि तिचे हात जोडले गेले. तिनं जोडले नाहीत, गेले. देवा, उरल्या कापडात एक बाही निघू दे...

अरे! बाही मागताना जीभ कशी सरसर चालली! बाही नसती निघाली तर मास्तर चार शब्द बोलले असते, संपलं. म्हणजे आजवर आपण तेच मागत आलो, ज्याला 'नाही' आलं तरी निभतं. आणि ज्याला 'नाही' चालणारच नाही, ते मागायचं नाही. मागितलंच नाही तर तो नाही म्हणणार कसा? वा गं शहाणे, देवाशीसुद्धा हातचं राखून! भीतीच होती तर, एवढी साधी. तिला हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि मास्तर बिचारे घाबरून "अहो, निघेल निघेल, कापड आहे" म्हणू लागले.

हात अजून जोडलेलेच होते. देवा, आमच्या ह्यांना राहू दे. एवढंच निघालं.

मग तिनं फोन काढला आणि आपणच लावला.

"अजून काही कळलं नाही गं," तो म्हणाला.

"त्यासाठी नाही केला. अहो... मी मागितलं आत्ता."



"बरं केलंस," तो म्हणाला. "तू देवापुढे गप्प होतीस ना, मला वाटलं, हिला काहीतरी कळलंय."

फोन ठेवून ती तशीच उभी राहिली. आणि 'नाही' आलं तर? हा प्रश्न तिनं पहिल्यांदाच शेवटपर्यंत विचारला. उत्तर नव्हतं, पण प्रश्नाकडे आता बघता येत होतं. तिनं नमुना उलटा केला, नवा खडू घेतला आणि रेघ ओढली — बारीक.