मधली खुर्ची

ताईंनी मधली खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली आणि उरलेल्या दोन्ही अगदी जवळ सरकवल्या. नवराबायकोत अंतर नको, हे त्या समुपदेशनाच्या वर्गात शिकल्या होत्या. शाळेतली नोकरी सोडून या वयात पुन्हा विद्यार्थिनी झालेल्या ताई सगळं पुस्तकाबरहुकूम करत. हे जोडपं मात्र दर खेपेला त्या रिकाम्या खुर्चीच्या दोन बाजूंना मूग गिळून बसायचं. काल तर बायकोने फोनवर सांगूनच टाकलं होतं, "उद्याचं शेवटचं. नाही जमलं तर मी भावाकडे जाते."

दोघं आली आणि दारातच थबकली. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला.

"बसा ना," ताई म्हणाल्या.

"दोनच खुर्च्या आहेत," नवरा म्हणाला.

ताईंची नजर भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीकडे गेली. या दोघांचा एकुलता एक मुलगा गाडीच्या अपघातात गेला, एवढं त्यांना ठाऊक होतं. खपली काढायची नाही, असं स्वतःला बजावून त्यांनी त्याचा विषयच टाळला होता. खरं तर त्यांनाच भीती वाटत होती.

"तो घरी कुठे बसायचा?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आमच्या मध्ये," बायको म्हणाली. "एवढा घोडा झाला, पण सोफ्यावरची मधली जागा सोडायचा नाही. ह्यांना सारखी कोपरं मारायचा."

"तुलाही मारायचा."

या खोलीत तो प्रथमच बायकोशी बोलला होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुम्हीपण त्याची जागा ठेवता? मला वाटलं, मी एकटीच."

"आणि मला वाटलं, तू माझ्यापासून लांब बसतेस. गाडी मी चालवत होतो ना."

मग बायको स्वतः भिंतीपाशी गेली, खुर्ची उचलून आणली आणि मध्ये ठेवली.

"पुढच्या खेपेला ही हलवू नका, ताई," ती बसत म्हणाली.

नवराही पलीकडे बसला. बसताना त्याने आपलं कोपर अंगाशी घट्ट आवळून घेतलं, शेजारच्याला लागू नये म्हणून.