बाविसावी चूक

आपत्कालीन संपर्क दलाच्या प्रमुखाला घड्याळजी मनातल्या मनात ‘सेनापती’ म्हणे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. माणूस फर्निचरच्या दुकानाचा मालक. हौशी रेडिओची परीक्षा दोन वर्षांपूर्वी जेमतेम काठावर पास झालेला. पण बोलायला लागला की वाटावं, बिनतारी यंत्र यानेच शोधून काढलं. नारिंगी जॅकेटवर नऊ बिल्ले, त्यातले सहा स्वतःच बनवून घेतलेले. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच. आणि दलातल्या सतरा स्वयंसेवकांनी हात वर करकरून याला निवडून दिलं होतं.

घड्याळजीच्या परवान्याला एकतीस वर्षं झाली होती. खाली दुकानात तो लोकांची घड्याळं दुरुस्त करी आणि वर माळ्यावर सेट लावून बसे. प्रमुखपदासाठी तो उभाच राहिला नव्हता. “असल्या लोकांकडे मतं मागायची?” असं त्याने बायकोला विचारलं होतं. बायको म्हणाली होती, “नका मागू. पण मग निवडून आलेल्याच्या नावाने रोज जेवताना बोटंही मोडू नका.”

भांडणाचं मूळ एका शब्दात होतं. दलाचा जुना नियम असा, की ऐकणाऱ्याने संदेश लिहून घ्यायचा, शब्दन् शब्द परत वाचून दाखवायचा आणि मगच ‘रॉजर’ म्हणायचं. रॉजर म्हणजे ‘पूर्ण ऐकलं’. ‘बरं’, ‘हो हो’, ‘बघतो’ असा त्याचा अर्थ नाही. सेनापतीने पहिल्याच बैठकीत हा नियम मोडीत काढला. “अहो, वेळ फार जातो त्यात. एकदा रॉजर म्हटलं की झालं!” हे सांगायला त्याने वीस मिनिटं घेतली. सतराही जणांनी माना डोलावल्या. घड्याळजी एक अक्षर बोलला नाही. घरी येऊन त्याने कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : चूक पहिली.

वादळ आलं तोवर वहीत एकवीस चुका जमल्या होत्या.

वादळाने रात्रीतून वीज गेली, फोनचे मनोरे आडवे झाले आणि नदीपलीकडची वस्ती पलीकडेच राहिली. पुलावर झाडं पडलेली, त्यामुळे गाड्या बंद. पलीकडच्या शाळेत दोनशे माणसं येऊन राहिली होती. तिथे वॉकीटॉकी घेऊन विज्ञानाच्या बाई बसल्या होत्या. त्यांचा आवाज सेनापतीच्या नियंत्रण केंद्रापर्यंत, म्हणजे त्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यापर्यंत, पोचत नव्हता. दोघांचंही ऐकू येई ते फक्त घड्याळजीच्या माळ्यावर. बाईंचा निरोप पुढे पोचवायचा, तिकडचा मागे द्यायचा, एवढंच त्याचं काम.

सकाळपासून सेनापती हवेवर भाषण करत होता. “मी स्वतः जातीने परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे...” माणसं बॅटरीचा थेंब न् थेंब वाचवत होती आणि हा स्वतःचं कौतुक उधळत होता. घड्याळजी डोळ्याचं भिंग कपाळावर सारून ऐकत होता आणि त्याला, खोटं कशाला बोला, बरं वाटत होतं.

अकरा चाळीसला बाईंचा निरोप आला. “शाळेत एक वृद्ध रुग्ण, ऑक्सिजनवर. सिलिंडर दुपारी दोनपर्यंत पुरेल. दवाखान्यातून दुसरा पाठवावा. ओव्हर.”

घड्याळजीने निरोप लिहून घेतला, बाईंना परत वाचून दाखवला आणि तसाच्या तसा केंद्राला सांगितला. पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, चमचा वाजत होता.

“रॉजर, रॉजर!” सेनापती म्हणाला. “आणि सर्वांना सूचना, जॅकेट घातल्याशिवाय कुणीही बाहेर पडू नये.”

याने लिहून घेतलेलं नाही, हे घड्याळजीला तत्काळ कळलं. एकतीस वर्षांत कान तेवढे तयार झाले होते. बटण दाबून ‘परत वाचून दाखवा’ एवढंच म्हणायचं होतं. अंगठा बटणावर गेलाही. मग त्याला वाटलं, आपणच का दर वेळी? पडू दे की एकदा तोंडावर. पाच-दहा मिनिटांनी विचारू, तेव्हा कळेल सगळ्यांना. दोन वाजायला अजून पुष्कळ वेळ आहे. त्याने अंगठा काढला, वही ओढली आणि बारीक, सुरेख अक्षरात नोंद केली.

मग इतर निरोप आले, दुधाचे, पांघरुणांचे. सेनापतीने बारा पाचला एका केंद्राचं नाव चुकवलं, पाऊण वाजता हवेवरची स्वतःचीच खूण विसरला. घड्याळजी लिहीत गेला. वही अशी कधी भरली नव्हती.

एक पस्तीसला बाईंचा आवाज आला. “सिलिंडर निघाला का? काटा तळाला आलाय. ओव्हर.” आणि मग, नियम मोडून, “काका, माझ्या सासूबाई आहेत त्या. ओव्हर.”

घड्याळजीने झटकन बटण दाबलं. त्याने केंद्राला हाक मारली.

“कुठला सिलिंडर?” सेनापतीने विचारलं.

त्यानंतर मात्र त्या बिल्लेवाल्याने भाषण केलं नाही. दवाखाना त्याच्या दुकानासमोरच होता. त्याने फर्निचरच्या टेम्पोत सिलिंडर घातला, पुलाशी टेम्पो सोडला, तो लोखंडी धोंडा खांद्यावर घेतला आणि झाडांवरून चढत-उतरत दोन वीसला शाळेत पोचला. मधली वीस मिनिटं म्हातारीचे ओठ निळे पडले होते. बाई हात धरून बसल्या होत्या. म्हातारी वाचली. सेनापतीला श्वास मिळाला तसा त्याने बाईंच्या वॉकीटॉकीवरून सर्वांना उद्देशून तीन मिनिटं मनोगत व्यक्त केलं. जित्याची खोड!

पंधरा दिवसांनी बैठक भरली. घड्याळजी वही घेऊन गेला. आज सोडायचा नाही, असं ठरवूनच गेला. उभा राहून त्याने एकेक चूक वाचली, तारीखवार, वेळेसह. सेनापतीची मान खाली जात होती, आणि सतरा माना, ज्या डोलायच्याच लायकीच्या, आता त्याच्या बाजूने डोलत होत्या.

बाविसावी चूक वाचून तो क्षणभर थांबला, परिणामासाठी.

“काका, ती एकदा परत वाचून दाखवता?” मागून बाई म्हणाल्या.

त्याला आनंदच झाला. नियमाची कदर असलेली एक तरी व्यक्ती होती तर! त्याने खणखणीत आवाजात वाचलं : “अकरा चाळीस. सिलिंडरचा निरोप. केंद्राने परत वाचून दाखवला नाही. लिहून घेतलेला नाही.”

“हे तुम्ही कधी लिहिलंत?”

“तेव्हाच. अकरा चाळीसलाच. माझ्या नोंदी मागाहून केलेल्या नसतात.”

बोलून गेल्यावर त्याला आपलेच शब्द ऐकू आले. खाली तेविसावी चूक होती, बारा पाचची. त्याखाली चोविसावी, पाऊणची. सगळं त्याच्याच अक्षरात, शाईचा एक ठिपकाही न सांडलेलं.

“जाऊ द्या हो बाई,” सेनापती म्हणाला, “चुकतो माणूस. घड्याळजी आपले जुने सहकारी आहेत.” त्याने भरसभेत घड्याळजीला माफ केलं, आणि तेही नेहमीसारखं लांबवून. एकतीस वर्षांत इतका अपमान त्याचा कुणी केला नव्हता. पण चिडायला त्याच्याकडे जागाच उरली नव्हती.

बाईंनी पर्समधून कागद-पेन काढलं. वेळ आणि वाक्य, दोन्ही शब्दन् शब्द लिहून घेतलं, परत वाचून दाखवलं आणि त्याच्याकडे बघत म्हणाल्या, “रॉजर.”