बैलाले लागलेली भट्टी

“चाल रे मुर्द्या! कोनाची वाट पाहून राहिला?”

दारूभट्टीपुढं बंडी थांबली होती आन् आमचा बांड्या बैल जागचा हलेना. त्याचा तरी काय दोष? आमचा बुढा, म्हंजे माहा नवरा पुंजाराम, रोज वावरातून येताना इथं उतरे आन् झिंगेपर्यंत पीत बसे. तवर बंडी उभी. जोडीचा दुसरा बैल गरीब. बांड्या थांबला का थो बी थांबे.

आता बुढा अकोल्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातून रविवारी घरी येनार होता. तिथल्या मॅडमनं फोनवर सांगतलं, “आजी, जुन्या सवयी आधी घरातून काढा.” माही सून दामिनी, तिनं बाटल्या फेकल्या, पार तेलाची बी. बुढ्याच्या दोस्तांले मी दारात पाय ठेवू नका म्हनून बजावलं. राहिला बैल.

“आत्याबाई, मामाजीले ऑटोनं आना ना,” दामिनी म्हने.

“जाताना चौघांनी धरून ऑटोत कोंबला, थे गावानं पाह्यलं ना? मंग थो सोताच्या बंडीत बसून भट्टीपुढून येईन, थे बी पाहू दे.”

म्हनून बैलाची सवय मोडाले मी रोज बंडी जुपून भट्टीपुढं. भट्टीवाला नत्थुजी दात काढे. “पार्वताबाई, रोज येता आन् बाहेरच्या बाहेर जाता. आत या ना जी!”

“तुमच्या दुकानात माही चप्पल बी याची नाई, नत्थुजी.”

पर गावाले तोंड हाय. बुढ्याची सुटली आन् बुढीले लागली, असं चांदूर बाजारापर्यंत गेलं. तिथून माही बहीन मनकर्णाबाई फोनवर रडाले लागली. “बाई, तुले कवापासून लागली वं?”

“मले नाई लागली. बैलाले लागली.”

“अवं माय! बैल बी पेते?”

फोनच ठेवला मी.

शेवटी दामिनीले बंडीत बसवलं. भट्टी आली का तिनं थाळी बडवाची. बांड्या असा भेला, का मंग थाळी नसली तरी भट्टी दिसली का पळे. मी म्हनलं, जमलं!

रविवारी बुढा यष्टीतून उतरला. दाढी साफ, सदऱ्याले इस्त्री. तिथं शिकवलं असन, दिसन त्याले हात जोडे. बांड्याले बी जोडले. “कासरा माह्याजवळ दे,” म्हनला. दिला. लोक ओट्याओट्यावर जमले होते. माही मान ताठ.

भट्टी दिसली आन् बांड्यानं शेपूट वर केलं. शंकरपटात बी कोनता बैल असा पळाला नसन! मी बंडीले लटकली आन् बुढा उडून नत्थुजीच्या पायरीवर. मागं वळून पाह्यलं त नत्थुजी भरला गिलास घेऊन धावला होता, आन् बुढ्यानं थो हातात घेतला होता.

बैल घरापुढंच थांबले. मी उतरली. एवढं करून मीच नवरा भट्टीत नेऊन फेकला!

बुढा लंगडत आला. मागं अख्खं गाव. जवळ आला तसा वास आला. थोच वास.

“तोंड उघडा!” मी ओरडली.

उघडलं. मी हुंगलं. तोंडाले काईच नाई.

“मंग वास कायचा?”

“गुडघा फुटला,” बुढा म्हनला. “त्याच्यावर ओतली. हुंग.”

आन् साऱ्या गावासमोर मी, पार्वताबाई, कोनापुढं कधी वाकली नाई थे, रस्त्यात बसून नवऱ्याचा गुडघा हुंगाले लागली.

“लय झोंबते वं,” बुढा म्हनला.

“झोंबू द्या,” मी म्हनलं, आन् अजून एकदा हुंगलं.