काळजातलं हाड

"हे काय घातलंय मधे?"

तपासणीला आलेल्या साहेबांनी हृदयाच्या मॉडेलचे दोन्ही भाग उघडून टेबलावर ठेवले आणि आत बोट लावलं. मोठी लाल नळी जिथून निघते तिथं अर्ध्या बोटाएवढा पांढरा तुकडा बसवलेला होता, घासून गुळगुळीत केलेला. नर्सिंगच्या वीस मुली बाकांवरून माना उंचावून बघत होत्या. कमलम्मा सिस्टरनी दाराशी उभ्या असलेल्या लिंबाजीकडं बघितलं.

"हाड हाय साहेब," लिंबाजी म्हणाला. "काळजातलं."

मुली हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत. मॉडेल रंगवून झाल्यावर त्यांनी स्वतः तपासलं होतं, तेव्हा हे हाड त्यात नव्हतं. ते लिंबाजीनं काल संध्याकाळी घातलं होतं. इंग्रजी पुस्तकातल्या चित्रात हाड नाही हे त्यालाही दिसत होतं. पण चित्र काढणाऱ्याच्या हातून राहून गेलं असेल असं त्याला वाटलं. पुस्तकवाल्यानं कुठं काळीज हातात धरलंय?

लातूर जिल्हा नवा झाला, तशा पाट्या नव्या झाल्या. कलेक्टर आले, त्यांचे बंगले आले, नर्सिंगची शाळाही आली. पाणी तेवढं आलं नाही. शाळेला दवाखान्यामागच्या दोन खोल्या मिळाल्या. मुंबईहून येणारं हृदयाचं मॉडेल दीड वर्षं नुसतं येतच राहिलं होतं. सिस्टर फळ्यावर खडूनं हृदय काढायच्या आणि मुली त्याचा बटाटा करून वहीत उतरवायच्या.

लिंबाजी रोजंदारीवर होता. टँकर आला की पाणी भरायचं, खोल्या झाडायच्या. एकोणतीस दिवस भरले की एक दिवस घरी बसवायचे, म्हणजे कायम करायची भानगड नको. अशी तीन वर्षं गेली. त्यानंच एक दिवस सिस्टरना म्हटलं, मी करून बघू का? त्याची आई रद्दी भिजवून, मेथ्या वाटून घालून, लगद्याच्या टोपल्या करायची. तोच लगदा त्यानं केला. पहिलं हृदय वाळताना आकसलं, दुसरं चिरलं, तिसरं उंदरांनी खाल्लं. चौथं जमलं. सिस्टर चित्र समजावून सांगायच्या, हा वरचा कप्पा, हा खालचा, ही झडप, आणि तो सातवी शिकलेला माणूस ते बोटांनी पाठ करायचा. सिस्टर म्हणाल्या होत्या, तपासणीत हे पास झालं तर परिचराची एक जागा आहे, ती तुलाच द्या म्हणून मी लिहीन. त्या दिवसापासून त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, घरात दुसरा विषय काढला नव्हता.

आता साहेब हसत होते. "माणसाच्या हृदयात हाड नसतं, बाबा." मग ते थांबले. "बैलाच्या असतं. माझा भाऊ ढोरांचा डॉक्टर आहे, त्यानं सांगितलं होतं. तुला कसं ठाऊक? बैलाचं हृदय कुठं बघितलंस?"

पुस्तकात बघितलं, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणी खोलात गेलं नसतं. पण चार महिने ज्या हातांनी काम केलं त्या हातांची बेइमानी त्याला करवेना.

"बाहत्तरला," तो म्हणाला. "बापानं आन् मी बैल सोलला व्हता."

छप्पन साली घर बौद्ध झालं तेव्हा केरबानं, त्याच्या बापानं, मेलेलं ढोर ओढायचं सोडलं होतं. ओढायचा दोर गावासमोर जाळला होता. ज्यांची ढोरं होती त्या शेतवाल्यांनी त्या वर्षी त्याला कामाला बोलावलं नाही. तरी त्यानं दोर वळला नाही. मग बाहत्तरचा दुष्काळ आला. घरात तीन दिवस चूल नाही. सगळा गाव खडी फोडायला गेला असताना भर दुपारी केरबा नदीच्या कोरड्या पात्रात गेला, सोबत लिंबाजी. बैल आदल्या रात्री पडलेला. काळीज कापताना सुरी कर्रकन अडली. केरबानं ते पोराच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाला, "बघ, हाड हाय. एवढं ओझं वढायचं म्हणल्यावर काळजाला बी हाड लागतंय." त्यानंतर बाप-लेकानं त्या दुपारचं नाव कधी काढलं नाही. वस्तीला कळलं असतं तर विहारात केरबाला पंचशील म्हणायला कुणी पुढं बसवलं नसतं.

ते लिंबाजीनं वीस पोरींसमोर बोलून टाकलं.

साहेबांनी चिमट्यानं हाड काढलं, भोक बुजवा म्हणाले आणि अहवालात लिहिलं की स्थानिक साहित्यातून उत्तम मॉडेल तयार केलेलं आहे. मॉडेल पास झालं.

दुसऱ्या दिवशी मुलींनी घरून पाण्याच्या बाटल्या आणल्या. शिकलेली माणसं बोलत नाहीत, बाटली आणतात. टँकर आला तेव्हा मारोती शिपायानं लिंबाजीच्या हातातली घागर घेतली आणि म्हणाला, राहू दे, तू आता मोठा कारागीर झालास. वर हसून विचारलं, खाटकाच्या शेजारी दुकान टाकतूस का काळजाचं? लिंबाजी म्हणाला, "टाकतो. पैलं तुझंच बशिवतो, तुला न्हाईच." मारोती दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. पण माठ पुन्हा लिंबाजीच्या हाती आला नाही.

आठ दिवसांनी हेडक्लार्क हणमंतरावांनी त्याला बोलावलं. सिस्टरही तिथंच बसलेल्या होत्या, मान खाली घालून. हणमंतराव खुशीत होते. नशीब काढलंस, म्हणाले, कायमची ऑर्डर आहे, कर सही. लिंबाजीनं कागद घेतला. सही करणारा माणूस वाचत नाही अशी तिथली समजूत होती. त्यानं वाचला. सावकाश, ओठ हलवत. त्यात शाळेचं नाव नव्हतं. शवागार, असं लिहिलेलं होतं.

"ही मढ्याची खोली हाय," तो म्हणाला.

हणमंतराव म्हणाले, मग काय झालं, तिथं कुणी टिकत नाही. दोन माणसं पळाली. तुझ्या हाताला सवय आहे, तूच नाही का साहेबांना सांगितलंस? आणि पगार तोच, पेन्शन तीच.

"शाळेतली जागा?"

शाळेतल्या जागेवर हणमंतरावांच्या साडूचा पोरगा सोमवारपासून येणार होता. ते सिस्टरनीच सांगितलं, अगदी हळू. मी तुझंच नाव लिहिलं होतं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, सरकारी नोकरी आहे लिंबाजी, दुष्काळ आहे, लेकरं आहेत, विचार कर.

त्यांचं काही खोटं नव्हतं. म्हणूनच त्याला जास्त राग आला.

"सिस्टर, मढ्याची सेवा करायला माझी ना न्हाई," तो म्हणाला. "कुनी तरी करायचीच हाय. यांच्या साडूच्या पोराला द्या की ती जागा. हाताला सवय लागंल. माझ्या बापानं जाळलेला दोर तुमी मला शिक्का मारून देऊन राहिलाव."

हणमंतराव म्हणाले, लई शहाणा झाला. लिंबाजीनं कागदाची घडी घातली नाही, चुरगाळलाही नाही. होता तसा टेबलावर ठेवला.

किल्लारीच्या जीपला तो मागं लोंबकळत गावाला गेला. बाप बाजेवर बसला होता. पंचफुला लेकरं घेऊन आधीच आलेली होती, ऑर्डरची वाट बघत. लिंबाजीनं सगळं सांगितलं. ऑर्डरचं सांगताना अडला नाही, बैलाचं सांगताना अडला. नदीतली ती दुपार आपण लोकांत बोललो, हे त्यानं बापाकडं न बघता सांगितलं. पंचफुला उठून आत गेली आणि आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

केरबानं एवढंच विचारलं, "सही केलास का?"

"न्हाई."

म्हाताऱ्यानं कोपऱ्यातलं टोपलं झटकून दाराशी ठेवलं.

सकाळी लिंबाजी पाझर तलावाच्या कामावर निघाला, तर बाप पुढं निघालेला. पासष्टी उलटलेली, खांद्यावर टोपलं. वस्तीतली माणसं ओट्यावर बसून बघत होती. बातमी जीपच्या आधी पोचली होती. विहारापुढं केरबा थांबला नाही, मान खालीही घातली नाही.

कामावर मुकादम त्याला बघून हसला. "म्हाताऱ्या, तुला काय झेपायचंय आता?"

"माती उचलतो," केरबा म्हणाला. "सांगशील तेवढी. दुसरं काय उचलायला सांगू नको."

त्यानं टोपलं खाली ठेवलं आणि लिंबाजीनं ते भरायला फावडं घातलं.