एक तास पुढे

बस्सूने टोपली जमिनीवर ठेवली, बाही मागे सारली आणि मनगटावरचं घड्याळ पहारेकऱ्यासमोर धरलं.

“हे बघा. आत्ता कुठे एक वाजतोय.”

पहारेकरी म्हातारा होता. जाड काचांच्या चष्म्यातून त्याने घड्याळाकडे पाहिलं, मग दवाखान्याच्या अर्ध्या लोटलेल्या फाटकाकडे.

“वरच्या दरीतले ना तुम्ही?”

“हो.”

“मग हा तुमच्या गावातला एक, भाऊ. इथं दोन झाले. भेटायची वेळ संपली.”

सरकारने घड्याळं एक तास पुढे नेली त्याला कित्येक वर्षं झाली होती. शहराने, शाळांनी, कचेऱ्यांनी नवी वेळ घेतली. वर ॲटलास डोंगरातल्या दऱ्यांत मात्र कोणी काटा हलवला नाही. नमाज, जनावरांच्या धारा, पाण्याच्या पाळ्या, आठवड्याचा बाजार, सगळं जुन्या वेळेवर चालायचं. शहरातून एखादा कागद आला की बस्सूची बायको इत्तो त्यावरच्या आकड्यातून एक वजा करायची आणि नवऱ्याला सांगायची. काल तिला इथे दाखल करून बस्सू निघाला तेव्हा वॉर्डातल्या बाईने ‘उद्या एक ते दोन’ एवढंच सांगितलं होतं. इत्तो तापाच्या गुंगीत होती. वजाबाकी करायला कोणी नव्हतं.

पहारेकऱ्याने टोपलीकडे पाहिलं. जवाची भाकरी, उकडलेली अंडी, ताकाची बाटली. त्याने इकडेतिकडे बघून टोपली स्वतःच उचलली.

“चला, पाय उचला. कोणी विचारलं तर म्हणायचं, मघापासून आतच होतो.”

वर गेल्यावर बस्सूला खाट दिसली आणि खाटेवर गुंडाळलेली गादी दिसली. नर्स म्हणाली, अर्धा तास झाला. ती आणखीही काही सांगत होती. बस्सू टोपली हातात धरून उभा होता. ताकाची बाटली गळत होती आणि पायाशी थेंब पडत होते.

त्या संध्याकाळी गावात पोचल्यावर इत्तोच्या धाकट्या भावाने, झैदने, पहिलंच विचारलं,

“शेवटी जवळ होतात ना, दाजी?”

“पहारेकऱ्यानं आत सोडलं नाही.”

तोंडून गेलं ते गेलं. मग बस्सू घरामागे गेला, घड्याळाची चावी ओढली आणि काटा एक तास पुढे केला. कोणाला सांगितलं नाही. कोणी वेळ विचारली की तो एक वजा करून सांगायचा. तिसऱ्या दिवशी झैद शहरात गेला आणि चार लोकांसमोर त्या म्हाताऱ्याची गचांडी धरली. चष्मा खाली पडून फुटला. म्हातारा काही बोललाच नाही म्हणे. झैदने हे परत येऊन सांगितलं तेव्हा बस्सू गिऱ्हाइकाच्या सायकलची चेन काढत होता. त्याने मान वर केली नाही.

\*

दोन महिन्यांनी, शर्यतीच्या दुपारी, झैदने उश्शेन खिंडीच्या अलीकडे दोन किलोमीटरवर सायकल चिखलात आडवी टाकली आणि एका ओस मेंढवाड्याच्या दगडी भिंतीआड जाऊन बसला.

शर्यत सायकलींची होती, जोड्यांची. एकशे दहा किलोमीटर आणि तीन खिंडी. जोडीतला एकटाच नोंदीच्या नाक्यावर आला तर मोजत नाहीत. मेव्हणे-दाजी गेली पाच वर्षं एका नंबराखाली पळत होते. एक खेचरं हाकणारा, दुसरा बाजारात सायकली दुरुस्त करणारा. कधी पहिले आले नाहीत, कधी अर्ध्यातून परतही फिरले नाहीत. या वर्षी दोघांची नावं इत्तोने वसंतातच घातली होती. दरवर्षी ती बस्सूच्या हँडलवर पांढरी पट्टी चिकटवून त्यावर बॉलपेनने नाक्यांच्या वेळा लिहायची, जुन्या वेळेत. मशिदीतल्या बायकांच्या वर्गात ती आकडे शिकली होती. या वर्षी हँडल कोरं होतं.

सकाळी पाऊस होता. दहानंतर गारा आल्या आणि आता पावसातून बर्फ पडत होतं. लाल माती चाक आणि दांड्याच्या मध्ये अशी भरायची की चाक फिरेनासं व्हायचं. बस्सू अक्रोडाच्या चपट्या काठीने ती खरवडून काढायचा, पन्नास पावलं जायचा, पुन्हा खरवडायचा. मागचे ब्रेक तासाभरापूर्वीच संपले होते. गिअर एकाच दातावर अडकून बसला होता. सायकल चालवायची गोष्टच उरली नव्हती, नुसती ढकलायची.

खालच्या नाक्यावरच्या माणसाने त्यांना परत फिरा म्हणून सांगितलं होतं. झैद म्हणाला होता, “तिनं नाव घातलंय. फिरायचं असतं तर तिनं सांगितलं असतं.” मग ओढ्यात त्याचा पाय सरकला आणि तो छातीपर्यंत पाण्यात गेला. गुडघा मुरगळला, खिशातला फोन मेला. दोघं पलीकडे पोचले आणि त्यांच्या मागे पाण्याने ओलांडायचे दगडच ओढून नेले. आता परत जाता येणार नव्हतं. पुढे खिंडीत तंबू होता, शेगडी होती आणि ट्रक होता. तीन वाजता तंबू उतरवून ट्रक पलीकडे खाली जाणार होता. बर्फ पडत असताना त्या रस्त्यावर गाडी थांबवत नाहीत. त्यांच्या मागे कोणी नव्हतं. नाक्यावरच्या माणसाने यादीत त्यांच्या नंबरापुढे काय लिहिलं, हे त्यांनी पाहिलं नव्हतं.

“ऊठ.”

“माझ्या खेचरानं असल्या हवेत गोठ्याबाहेर पाय टाकला नसता, दाजी. खेचराला अक्कल असते.”

“ऊठ, झैद. बसलास की संपलं.”

“मेंढपाळ येतील.”

“मेंढपाळ गेल्या आठवड्यातच खाली गेले. तूच त्यांचं सामान नेलंस खेचरांवर.”

झैद हसल्यासारखा झाला. त्याचे ओठ निळे पडले होते. मघापर्यंत तो थडथड कापत होता, आता कापत नव्हता. बस्सूने एकदा असा माणूस पाहिला होता, हिवाळ्यात, बर्फातून काढलेला. शेवटी शेवटी तोही कापायचा थांबला होता म्हणत.

“किती वाजले?” झैदने विचारलं.

बस्सूने घड्याळावरची बाही दाबून धरली. झैदने हात पुढे करून ती मागे ओढली.

“दोन दहा.” त्याने मनातल्या मनात एक मिळवला. “म्हणजे त्यांचे तीन दहा. गेला ट्रक.”

“नाही गेला.”

“थांबायला तो काय तुमचा जावई आहे?”

“चारपर्यंत थांबणार म्हणाले.”

“कोण म्हणालं? कागदावर तीन आहे. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, दाजी. कधीच नाही आलं.” त्याने डोकं भिंतीला टेकवलं. “तुम्ही जा. मी जरा बसतो.”

बस्सूने सायकल उचलली आणि निघाला. दहा पावलं गेला. एकट्याने वर पोचून माणसं घेऊन यायची म्हटलं तर येता-जाता तास-दीड तास. तेवढा वेळ झैद जागा राहणार नव्हता. बस्सूने मागे पाहिलं. झैदने डोळे मिटले होते आणि त्याच्या टोपीवर, मांडीवर बर्फ साचत होतं, ते तो झटकत नव्हता.

घड्याळ बिघडलंय म्हणावं तर झैदचा विश्वास बसणार नव्हता. मशिदीतले मौलवी, फकीह, अजान देण्याआधी बस्सूच्या दुकानात डोकावून जायचे. दरीत त्या घड्याळाएवढं खरं घड्याळ नव्हतं. बस्सू परत आला, सायकल भिंतीला टेकवली आणि झैदसमोर उकिडवा बसला.

“घड्याळ नव्या वेळेवर आहे.”

झैदने डोळे उघडले नाहीत.

“आत्ता दोन दहाच झालेत. त्यांचेपण दोन दहाच. आपल्याकडे पन्नास मिनिटं आहेत.”

“तुमचं घड्याळ? नव्या वेळेवर?”

“हो.”

“अख्ख्या दरीत कोणाचं नाही आणि तुमचं आहे.” आता त्याने डोळे उघडले. “कधीपासून?”

वारा भिंतीच्या फटींतून शिट्टी घालत होता. बस्सूने हातमोजा काढला. बोटांत काही जीव नव्हता, तरी त्याने झैदच्या मांडीवरचं बर्फ झटकलं.

“दवाखान्यातून आलो त्या दिवसापासून.”

झैद त्याच्याकडे बघत राहिला. खेचराच्या खुरात रुतलेला खडा शोधताना तो असाच बघायचा, घाई न करता.

“तुम्ही एक वाजता गेलात,” तो म्हणाला.

“आपल्या एकला.”

“म्हणजे दोनला.”

“हो.”

“आणि पहारेकऱ्यानं सोडलं नाही.”

“सोडलं,” बस्सू म्हणाला. “वेळ संपली होती तरी सोडलं. टोपली त्यानंच उचलली. वरपर्यंत घेऊन आला.”

झैदने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. ओल्या मोज्यात मूठ नीट वळत नव्हती.

“मी त्याला आईवरून शिवी दिली.”

बस्सूने हातमोजा परत चढवला.

“तुम्ही बसला होतात. मी सांगत होतो आणि तुम्ही चेन काढत बसला होतात.”

“हो.”

बस्सूने हात पुढे केला. झैदने तो घेतला नाही. भिंतीचा एक दगड धरला, तो निसटला, दुसरा धरला आणि उठून उभा राहिला. चिखलातली सायकल ओढून तिच्या हँडलवर सगळा भार टाकला आणि मुरगळलेला पाय फरफटत निघाला. बस्सूसाठी थांबला नाही. बस्सू त्याच्या मागे.

वाट खेचरांची होती, वळणावळणाची. प्रत्येक वळणावर वारा दिशा बदलून तोंडावर यायचा. झैद तीनदा पडला. दोनदा आपला आपण उठला. तिसऱ्या वेळी बस्सूने त्याला काखेत हात घालून उभं केलं आणि त्याची सायकलही आपल्या खांद्यावर घेतली. एक सायकल खांद्यावर, एक हातात. दोन पंचविसाला त्यांनी एक वळण घेतलं, दोन पस्तिसाला पुढचं. बस्सू प्रत्येक वळणावर घड्याळ बघत होता.

तिथेच कुठेतरी झैद पाठमोराच थांबला.

“तिनं काही विचारलं का? शेवटी?”

बस्सूला श्वास लागला होता. हेही त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. घरात एकटा असतानासुद्धा तो ते मोठ्याने बोलला नव्हता.

“नर्सला विचारलं, किती वाजले. नर्स म्हणाली, सव्वा.”

“मग?”

“मग म्हणाली, म्हणजे त्यांचे सव्वाबारा. अजून गाडीत असतील.”

झैद वळला नाही. त्याची पाठ हलत होती, पण थंडीनेही हलत असेल. तो पुन्हा कापायला लागला होता. थोड्या वेळाने त्याने मागे न बघता हात मागे केला. बस्सूने त्याची सायकल त्याच्या हातात दिली.

खिंडीत पोचले तेव्हा तंबूचे तीन दोर सुटले होते. चौथ्याशी एक माणूस वाकून गाठ सोडवत होता. त्याने दोघांना पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिला.

“तुम्ही खालून परत गेलात असं कळवलं होतं.”

“किती वाजले?” झैदने विचारलं.

माणसाने फोन काढून पाहिला. “तीनला सहा कमी.”

झैदने बस्सूचं मनगट धरलं, बाही मागे केली आणि स्वतः बघून खात्री केली. मग मनगट सोडून दिलं.

ट्रकच्या मागे हद्दा नावाच्या एका बाईने दोघांवर घोंगड्या टाकल्या आणि दवणा घातलेला कडक गोड चहा दिला. ग्लास एकच शिल्लक होता, बाकीचे तिने बांधून ठेवले होते. झैदने अर्धा पिऊन ग्लास बस्सूपुढे धरला. ट्रक खाली उतरू लागला. शर्यतीच्या कागदावर त्यांच्या नंबरापुढे रेघ मारली होती. ती तशीच राहिली, कारण पुढचे तीस किलोमीटर ते सायकलवर गेले नाहीत.

खाली उजेड असतानाच पोचले. उतरताना झैद म्हणाला,

“जायला हवं त्याच्याकडे.”

“हो.”

“चष्म्याचा नंबर विचारावा लागेल.”

“हो.”

“शब्द तुम्ही बोलायचे. मी नुसता उभा राहीन.”

बर्फ पडायला लागलं की शहराची गाडी फक्त मंगळवारी सुटते, सकाळी सहाला, जुन्या वेळेने. तेव्हापासून चार मंगळवार गेले. एका मंगळवारी झैदचा गुडघा सुजला होता, एका मंगळवारी रस्ता बंद होता. उरलेल्या दोन मंगळवारी दोघंही घरीच होते आणि रस्ताही चालू होता. त्या म्हाताऱ्याकडे अजून कोणी गेलेलं नाही.