तांबडीच्या पोटातली पिशवी

मी एक पिशवी बोलतेय. काळी, पातळ, हातात धरली की कुरकुरणारी. कॅरीबॅग म्हणतात मला, पण बारामतीच्या बाजारात एवढं लांब नाव कुणी घेत नाही. "पिशवी द्या की" म्हटलं की मी मेथीच्या जुडीबरोबर फुकटात मिळते. फुकटात मिळालेल्या वस्तूला माणूस कसं वागवतो, ते मला विचारा. पण आज मला माणसांची उणीदुणी काढायची नाहीत. माझ्यामुळं एक जीव गेलाय. खरं तर दोन.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. फाटक्या पिशव्या, शेतातला कुजका प्लास्टिकचा कागद, असलं काहीबाही वितळवून मला ओढून काढलं. अशा खिचडीला धड रंग येत नाही म्हणून तिच्यात काळा घालतात. सत्त्याण्णव साली, फाल्गुनात, शंभर जणींच्या गठ्ठ्यातून मी बारामतीला आले. लासुर्ण्याहून भाजी आणणाऱ्या एका बाईनं मला खिळ्याला टांगलं आणि होळीच्या आधी चार दिवस मी जळोचीच्या सिंधुबाईच्या हातात पडले.

इतर बाया घरी पोचल्या की मला उकिरड्यावर भिरकावतात. सिंधुबाईनं मला धुतलं, उलटी करून दोरीवर वाळत घातलं. नवरा गेल्यापासून ती लोकांच्या उसात खुरपायला जायची, सकाळी सातला घर सोडायची ते दिवस मावळताना परतायची. चार दिवस तिची भाकरी मी वाहिली. माझे दोन्ही कान धरून ती दोनदा गाठ मारायची आणि टोकं दातांत धरून आवळायची. फडक्यात भाकरी बांधायची तिची जन्माची सवय होती. फडक्याच्या जागी मी आले, गाठ तीच राहिली. अशीच बांधलेली एक भाकरी ती रोज संध्याकाळी शेजारच्या म्हस्कूआबाला नेऊन द्यायची, कारण आबा एकटा होता.

या म्हस्कूआबाची एके काळी दीडशे मेंढरं होती. डाळजपर्यंतचा माळ त्याच्या पायाखालचा. पुढं माळावर ऊस आला, जळोचीच्या कडेला प्लॉट पडले आणि मेंढरं उभी करायला जागा राहिली नाही. आबानं कळप मोडला. ठेवली ती एक तांबडी गाय. सकाळी तिला मोकळी सोडायची, गल्ल्या फिरून दुपारपर्यंत ती आपली आपण घरी यायची. त्या होळीला तांबडी तीन महिन्यांची गाभण होती. आबा दारोदार सांगत फिरायचा, "औंदा माज्या घरात पाळणा हलणार हाय." लोक हसायचे. सिंधुबाईला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. पोटुशी लेक माहेरी यावी तसं ती तांबडीचं करायची.

होळीच्या दिवशी तिनं पुरणपोळ्या केल्या. पहिली पोळी गाईची, हा तिच्या सासूपासूनचा नेम. पण दुपार टळली तरी तांबडी दारात आली नाही, आणि सिंधुबाईला भावाकडं जायचं होतं. पोळी उघडी ठेवावी तर गुळाला मुंग्या लागणार. म्हणून तिनं दोन पोळ्या माझ्यात घातल्या, नेहमीची दुहेरी गाठ मारली आणि मला दारातल्या दगडावर ठेवून म्हणाली, "येईल आन् खाईल माझी बाय."

तांबडी आली. तिला तुपाचा वास लागला. तिनं मला चाटलं, नाकानं ढकललं, शिंगानं उलटंपालटं केलं. गाईला बोटं नसतात, हे एवढ्या मायेच्या बाईच्या ध्यानात आलं नव्हतं. शेवटी तांबडीनं मला गाठीसकट गिळलं.

आत माझ्याआधी पुष्कळ जणी येऊन बसल्या होत्या. दुधाच्या पिशव्या होत्या, गुटख्याच्या पुड्या होत्या, सुतळीचे गुंते होते, आणि माझ्यासारख्या काळ्या तर विचारू नका. आमच्यात वाद लागायचे. आपल्यातली खरी वाईट कोण? दुधाची पिशवी तोऱ्यात म्हणायची, मला बायका धुऊन भंगारवाल्याला देतात, मी चुकून आले. गुटख्याची पुडी म्हणायची, मी एवढीशी, माझ्यानं काय होतंय? तिचंही बरोबर होतं. वासाला भुलून गाय तिला कशाला खाईल? ती चिकटून आली होती, कुणाच्या तरी शिळ्या आमटीला. मग सगळ्या माझ्याकडं बघायच्या. कारण उष्टं आणि शिळं पोटाशी बांधून आत येणाऱ्या आम्हीच होतो, आणि बाकीच्यांतल्या कितीतरी आमच्याच पोटातून आल्या होत्या.

बाहेर तांबडीचं पोट वाढत चाललं. आषाढ लागला तशी ती दोन्ही अंगांनी फुगलेली दिसायला लागली. म्हस्कूआबानं हात फिरवला. मेंढराचं दुखणं लांबून ओळखणारा माणूस तो, पण आशेनं त्याचे डोळे झाकले होते.

"जुळं हाय," तो सिंधुबाईला म्हणाला. "डाव्या अंगालाबी लागतंय हाताला."

"मग खाणं का कमी झालंय, आबा?"

"जागाच न्हाय न्हवं आत. दोन जीव बसल्यात."

त्यावर सिंधुबाईनं काय करावं? गाय खात नाही म्हणून तिच्यासाठी गोडधोड जास्त ठेवायला लागली. दर वेळी पिशवीत, दर वेळी गाठ मारून. त्यातल्या सहा जणी माझ्या शेजारी येऊन बसल्या. तांबडी उपाशी मरत होती आणि तिचं पोट गच्च भरलेलं होतं. मी आत होते, मला सगळं कळत होतं, पण मला तोंड कुठं होतं?

श्रावणातल्या एका सकाळी तांबडी उठलीच नाही. आबानं ओवा, आलं, तेल पाजलं. तोंडात आडवी काठी देऊन वात काढायचा प्रयत्न केला. मग सायकल घेऊन कुणीतरी गुरांच्या डॉक्टरला आणलं. डॉक्टरनं डाव्या कुशीत मूठ दाबली. मूठ जिथं दाबली तिथं कणकेत पडावा तसा खड्डा पडून राहिला.

"आबा, वासरू उजवीकडं असतं," डॉक्टर म्हणाला. "डावीकडं जनावराचं कोठीपोट असतं, चाऱ्याचं. यात चारा नाही."

"मग काय हाय?"

डॉक्टरनं आपली पेटी बंद केली. पोट उघडायची वेळ केव्हाच टळून गेली होती. दिवस मावळायच्या आत तांबडी गेली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं तिला फाडलं आणि आम्हाला घमेल्यात काढून ठेवलं. चार घमेली झाली. मग वासरू काढलं. एकच होतं, तांबडंच, करडाएवढं सुकलेलं. आबानं ते धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि घमेल्यांपाशी येऊन बसला. त्याची नजर माझ्यावर पडली. दुहेरी गाठ, दातानं आवळलेली टोकं. रोज संध्याकाळी तो हीच गाठ सोडून भाकरी खायचा. त्यानं आजूबाजूला बघितलं, मला उचललं आणि घमेल्याच्या अगदी तळाशी दाबलं. तसल्याच बाकीच्या सहाही शोधून माझ्याजवळ खुपसल्या.

त्या वर्षात गावात दगावलेलं ते तिसरं जनावर. त्यामुळं रविवारी शाळेच्या पटांगणात सभा बसली. पंचायतीतले बापूसाहेब मधे, आणि त्यांच्यापुढं चारांतलं आमचं एक घमेलं, पुरावा म्हणून. ठरवायचं एवढंच होतं, की गावानं आधी कुठलं प्लास्टिक बंद करायचं. सगळं एकदम बंद होत नसतं, हे सगळ्यांना मान्य होतं.

अंगणवाडीची विजयमाला म्हणाली, "आधी गुटखा बंद करा. पुड्या शाळेच्या दारापत्तूर येत्यात."

पानटपरीवाला नागेश ताडकन उठला. "गुटख्याची पुडी गाय खाती व्हय? उगं गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका. ह्या ठिबकच्या नळ्या, शेतातला कागद, ते बंद करा आदी."

"नळ्या गाईच्या पोटात कुठं घावल्या?" एक बागायतदार गुरकावला. "दुधाच्या पिशव्या बगा की."

मी ऐकत होते. ज्याला तंबाखू लागत नव्हती तो गुटखा म्हणत होता, ज्याच्या दारात म्हैस होती तो दुधाच्या पिशवीवर घसरत होता. स्वतःच्या घरात रोज येणाऱ्या प्लास्टिकचं नाव एकानंही घेतलं नाही. तासभर हेच चाललं.

शेवटी बापूसाहेब वैतागले. "भांडताय कशाला? घमेलं उपडं करा आन् बगा जास्ती काय हाय ते."

म्हस्कूआबा घाईनं उठला. "नगं. मेलेल्याची आतडी किती चिवडायची? माझी गाय गेली, मला काय बी मोजायचं न्हाय."

पण तोवर कुणीतरी घमेलं लवंडलं होतं. ढीग पसरला आणि मी वर आले. माणसं पुढं सरकून बघायला लागली. त्यात पिशव्याच पिशव्या होत्या आणि निम्म्याहून जास्त पिशव्यांना गाठी. दोन-तीन बायांनी बघितलं आणि माना वळवल्या. आपल्या हातची गाठ बाईला ओळखू येते.

सिंधुबाई मागून पुढं आली. तिनं मला उचललं. गाठ सोडायला बघितली, सुटेना. मग नखानं मला फाडलं. आतून जे बाहेर आलं त्याला पोळी म्हणता आलं नसतं, पण तिनं ते ओळखलं.

"ही गाठ माझी हाय," ती म्हणाली.

"सिंधू, गप बस," आबा म्हणाला.

"का गप बसू? तुमाला ठावं हुतं ना? म्हणून तळाला दडवली व्हय?" मग ती सभेकडं वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "होळीची पोळी हाय ही. मुंग्या लागू नयेत म्हणून म्या गाठ मारली. गाईनं सोडायची कशी, ह्येचा इचारच न्हाय आला मला. तुमी गुटखा बंद करा, न्हायतर काय बी करा. पण शिळंपाकं बांधून टाकायचं आदी बंद करा. म्या मारली तिला. आन् ह्या बाकीच्या गाठी काय माझ्या एकटीच्या न्हाईत."

उघडं टाकलं तर वास सुटतो, माश्या बसतात, हे प्रत्येकीच्या मनात होतं. आणि ‘ही गाठ माझी’ म्हणायला तर कुणीच तयार नव्हतं. बापूसाहेब खाकरले. "बरं. गुटख्याचा ठराव लिहून घ्या," ते म्हणाले. ठराव एकमतानं मंजूर झाला. नागेशनंसुद्धा हात वर केला आणि दुसऱ्या दिवसापासून पुड्या आतल्या फळीवरून विकायला लागला.

आम्हाला ओढ्याकाठच्या उकिरड्यावर ओतलं. मी अजून तिथंच आहे, फाटलेली, अर्धी मातीत. तांबडी बांधाला पुरली, तिची माती होऊनही गेली असेल. माझं काही होत नाही.

सिंधुबाई रोज संध्याकाळी कामावरून परतताना इथं येते. खाली बसते आणि लोकांनी फेकलेल्या पिशव्यांच्या गाठी सोडते. उष्टं मोकळं करते, पिशव्या वेगळ्या काढून दगडाखाली दाबते. जाणारे-येणारे म्हणतात, बाईला लागीर झालंय. पहिल्या पंधरवड्यातच तिच्या बोटांची सालं निघाली. तेव्हा एक दिवस म्हस्कूआबा आला. सभेनंतर तो तिच्याशी बोललेला नव्हता, तिची भाकरीही घेत नव्हता. त्यानं लोकर कातरायची जुनी कातर तिच्यापुढं धरली.

"नखानं कुटवर सोडशील? ही घे. मला आता काय करायची?"

तिनं कातर घेतली. आबा थांबला नाही, काठी टेकत निघून गेला.

बाबांनो, बायांनो, मला वापरूच नका असं मी म्हणाले तर तुम्ही ऐकणार नाही, हे मला ठाऊक आहे. फुकटची वस्तू सुटत नसते. पण कुठलं प्लास्टिक आधी कमी करायचं यावर तुम्ही अजून सभा घेत असाल, तर त्या ढिगातून वर आलेलीचं ऐका. माझ्यात अन्न बांधून मला टाकू नका. एवढं एकच करा.

सिंधुबाई एकटी आहे. ती आज तीस गाठी कापते तर उद्या चाळीस येऊन पडतात. आणि ती येते दिवस मावळताना. गुरं सकाळीच सुटतात.