बाविसावा फर्मा

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. माझ्या दोन पुठ्ठ्यांमध्ये तीनशे बावन्न पानं आहेत. त्यांतली शेवटची सोळा कितीतरी वर्षं कुणाला दिसली नाहीत. ती कुठे होती हे मला ठाऊक होतं. पण पुस्तक आपणहून कसं बोलणार?

माझा जन्म एका गल्लीतल्या छापखान्यात झाला. सोळा पानांची एक घडी असते, तिला फर्मा म्हणतात. असे बावीस फर्मे एकाखाली एक शिवले, कण्याला सरस लावला, वर पुठ्ठा चढवला आणि मी उभी राहिले. हे शिवणकाम छापखान्यासमोरच्या दुकानात झालं. दुकान एका बाइंडरचं होतं.

माझी गोष्ट तशी साधी आहे. एका मास्तरांच्या मुलीला दोघं मागणी घालतात. एक गाणं शिकवणारा, दुसरा गलबतांचा मालक. ती गलबतवाल्याला हो म्हणते. एकविसावा फर्मा संपतो तेव्हा दारात दिवे लागलेले असतात आणि नवरीच्या गळ्यात मोत्यांचे पाच पदर असतात. पुढचं सगळं बाविसाव्या फर्म्यात.

वाचनालयात मला चांगले दिवस होते. मला परत करायला येणाऱ्या बायका ग्रंथपालबाईंच्या टेबलाशीच जुंपायच्या.

"काय तरी बाई! घर बघून गेली, माणूस बघितलाच नाही."

"हो, आणि गाणेवाल्याच्या घरी काय, सूर उकळून प्यायचे होते?"

"हळू बोला," ग्रंथपालबाई म्हणायच्या, आणि स्वतःच हसायच्या.

एक गोष्ट मात्र मी पाहून ठेवली होती. गलबतवाल्याला नावं ठेवणाऱ्यांच्याही बोटांचे डाग सगळ्यांत जास्त मोत्यांच्या पानावर होते.

हाताळून हाताळून माझा कणा मोडला, तेव्हा मला पुन्हा त्या बाइंडरकडे पाठवलं. तोवर त्याची मुलगी मोठी झाली होती. फर्मे शिवायचं काम तिचं, म्हणून घरात तिला सगळे 'सुई' म्हणत. तिने माझा जुना दोरा अजून काढलाही नव्हता, तोच पहिलं पान वाचलं आणि तिथेच बसली. रोज दुपारी खळ वाळेपर्यंत ती मला वाचायची.

"सुई, पुस्तक शिवायला आलंय ग, गिळायला नाही," तिची आत्या आतून ओरडली.

"थांब ना आत्या. हिच्याही दारात दोघं उभे आहेत. ही कुणाला हो म्हणते आणि पुढे तिचं काय होतं, ते बघते. मग माझं सांगते."

"घ्या! आता पुस्तकाला विचारून लग्न करणार बाईसाहेब."

सुईच्या दारातही दोघं होतेच. समोरच्या छापखान्यातला एक जुळारी होता. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून जुळवून त्याची बोटं कायम काळी. कोरे कागद द्यायला यायचा आणि दिल्यावरही उगाच उभा राहायचा. दुसरे कागदवाले. त्यांचं कागदाचं मोठं गोदाम, वर दहा खोल्यांचं घर. लग्न झालं की सासऱ्याच्या दुकानात कागद कापायचं नवं यंत्र आणून देतो, असं त्यांनी कबूल केलं होतं. बाइंडरचा उजवा खांदा जुन्या यंत्राचं चाक फिरवून निकामी होत आला होता.

सुईचं बोलणं ऐकून आत्या हसली. बाइंडर हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सुई तयार पुस्तकं पोचवायला गेली, तेव्हा त्याने मला उचललं. ओळीखाली बोट ठेवून माझा शेवटचा फर्मा सावकाश वाचला. मग भिंतीजवळच्या मोकळ्या जागेकडे बराच वेळ बघत राहिला. तिथे नवं यंत्र बसणार होतं. मग दोरा कापून त्याने बाविसावा फर्मा बाजूला काढला.

छापलेलं पान फेकायचं नाही, हा त्याच्या दुकानाचा नियम होता. रद्दी पानं खळ लावून एकावर एक चिकटवायची आणि त्यांचाच पुठ्ठा करायचा. नियम त्याने त्या दिवशीही पाळला. माझी शेवटची सोळा पानं त्याने माझ्याच मागच्या पुठ्ठ्यात चिकटवली, वर जाड कागद लावला आणि मला शिकंज्यात ठेवून चाक आवळलं. तेव्हा मला काय वाटलं, असं विचाराल, मित्रांनो, तर खरं सांगते. काही नाही. खळ गार होती. वर वजन होतं.

सुई परत आली.

"बाबा, हे तुम्ही शिवलंत?"

"लग्नाळू मुलीने कशाला बोटं टोचून घ्यायची? घे, वाचून टाक."

तिने उरलेली पानं वाचली. दिवे, मोती, दारातली नवरी. पुढे पुठ्ठा.

"संपलं?"

"संपलं."

"चांगलं संपलं," ती म्हणाली. थोड्या वेळाने खळीचं भांडं धुताधुता तिने आत्याला सांगितलं, "कागदवाल्यांना कळव. हो म्हणावं."

वाचनालयात ग्रंथपालबाईंनी माझ्या नव्या शेवटच्या पानावर शिक्का मारला. एक म्हाताऱ्या बाई मला हातात घेऊन म्हणाल्या, "अहो, हिचे पुढे फार हाल होतात ना?"

"तुम्ही दुसरी कुठली तरी वाचली असेल," ग्रंथपालबाई म्हणाल्या. गोड शेवटामुळे मला मागणी वाढली.

यंत्र आलं. बाइंडरचा खांदा मात्र बरा झाला नाही. पुस्तकं न्यायला तो वाचनालयात यायचा तेव्हा माझ्या कपाटाकडे बघायचा नाही. पुढे तो गेला. जुळारी तर त्याआधीच दुसऱ्या गावी गेला होता.

सुई दर महिन्याला पुस्तकं बदलायला यायची. तिच्या बोटांवरचे सुईचे व्रण हळूहळू नाहीसे झाले. एकदा कागदवाले बरोबर होते. त्यांनी मला उघडलं, पान दोन बोटांत धरून चोळलं, "हलका माल" म्हणाले आणि ठेवून दिलं. ते वाईट नव्हते. ते सगळंच असं चोळून बघायचे, बायकोच्या अंगावरच्या शालीचं टोकसुद्धा. "कशी आहेस?" असं ग्रंथपालबाईंनी विचारलं की सुई म्हणायची, "सगळं आहे हो." दर वेळी तेच, त्याच आवाजात.

मग लोक मला विसरले. मी भिंतीकडच्या खालच्या फळीवर गेले. भिंत ओली होती. माझा मागचा पुठ्ठा फुगला आणि कोपऱ्यात उकलला.

"तुझ्या बाबांच्या हातची बांधणी आहे. बघतेस का?" थकलेल्या ग्रंथपालबाईंनी सुईला विचारलं. सुईचे केस पांढरे झाले होते. कागदवाले वारले होते आणि ती दहा खोल्या बंद करून आत्याजवळ राहायला आली होती.

बापाचं बंद पडलेलं दुकान तिने उघडलं. माझा पुठ्ठा कोमट पाण्यात ठेवला आणि थर सुटू लागले तसे हाडाच्या पट्टीने एकेक वेगळे केले. एका पानाच्या तळाशी बारीक बाविसाचा आकडा दिसला. मग तिने आठही कागद दोरीवर वाळत घातले आणि वाळल्यावर खिडकीशी उभ्याने वाचले.

त्या पानांत गलबतवाला आपल्या बायकोसाठी खूप काही आणतो आणि खराब होईल म्हणून सगळं कुलपात ठेवतो. मोतीसुद्धा. तो गेल्यावर ती एकेक कपाट उघडते. आत सगळं नवंकोरं असतं. काय वापरावं हे तिला सुचत नाही.

"काय ग, काय निघालं?" आत्याने खाटेवरून विचारलं.

"हिचा शेवट. बाबांनी लपवला होता. मी हो म्हणावं म्हणून."

आत्या खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "वाचला असतास तर नाही म्हटलं असतंस?"

सुईने कागद क्रमाने जुळवले. "नाही ग आत्या. मोत्यांच्या पानावर मी तीनदा थांबले होते. वाचलं असतं तरी हो म्हटलं असतं. बाबांनी उगाच चिकटवला."

दोरा संपलाय असं सांगावं तसं तिने हे सांगितलं. मी तिच्या रडण्याची वाट पाहिली. ती सुईत दोरा ओवत होती. पहिल्याच टाक्याला बोट टोचलं. ते तिने बघितलं आणि पुढचा टाका घातला.

बापासाठी आलेल्या कागद कापायच्या यंत्रावर कापड झाकलेलं होतं. तिने ते काढलं नाही, माझ्या कडा कापल्या नाहीत. म्हणून माझी शेवटची पानं बाकीच्यांपेक्षा थोडी बाहेर आलेली दिसतात.

मित्रांनो, पुस्तकं ओलीपासून जपा, त्यांचे कोपरे दुमडू नका. आणि दुसऱ्याच्या भल्यासाठी म्हणून कुणाच्या पुस्तकातलं पान काढू नका. सगळं वाचून तिने तेच ठरवलं असतं कदाचित. पण मग ते तिचं असतं.

आता मोत्यांच्या पानापुढे सोळा पानं आहेत. वाचणारे अजूनही तिथे थांबतात. काही जण पान उलटतात.